शाळेचा तीन वर्षांचा आराखडा: गावाला खरंच विचारायचं का?

डोंगरदरीकर (१२ डिसेंबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो. झालो म्हणजे केला गेलो. पालकसभेला उशिरा पोचलो, आणि उशिरा येणाऱ्याच्या नावाला सूचक-अनुमोदक आधीच तयार असतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

गाव पाटण तालुक्यात, डोंगरात. शाळा पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. परवा सरांनी 'शाळा विकास आराखडा' सहीसाठी पुढे केला. तीन वर्षांचा. मी तो वाचला, हीच चूक झाली. पटाच्या रकान्यात तिन्ही वर्षं ३१, ३१, ३१. गरजांमध्ये संरक्षक भिंत, ई-लर्निंग संच, क्रीडा साहित्य. मागचा आराखडा मागितला तर त्यातही हेच, फक्त पट ४२, ४२, ४२.

सर माणूस चांगला आहे, पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळतात. पण मी म्हणालो, गावाला विचारून लिहूया. सर हसले आणि म्हणाले, "विचारा. गाव कमान मागेल."

तर ज्यांनी हे कधी केलंय त्यांना विचारतो. गावाला कसं विचारायचं? की सही करून मोकळं व्हावं?

एकओळी (१२ डिसेंबर, रात्री ९:५२)

सही करा, सरांकडे चहा प्या, दोन वर्षांनी सुटाल.

खडूफळा (१२ डिसेंबर, रात्री १०:३०)

मी प्राथमिक शिक्षक, २२ वर्षं झाली. ३१-३१-३१ लिहिणाऱ्यातला मीच एक, म्हणून सरांची बाजू मांडतो. त्याच आठवड्यात मतदार यादी, आधार जुळवणी, यू-डायस म्हणजे शाळेच्या आकडेवारीची ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद आणि 'आजच्या आज' असं लिहिलेले तीन मेसेज असतात. हा आराखडा केंद्रशाळेतून पुढे गेला की त्याचं काय होतं, ते मला इतक्या नोकरीत कळलेलं नाही.

बाकी भिंत, संच, साहित्य हे सगळं लिहिण्यामागे शहाणपण आहे. लिहिली म्हणून भिंत येत नाही. पण उद्या कुठून भिंतीचा निधी आला आणि आराखड्यात भिंत नसली, तर तो निधी शेजारच्या गावाला जातो. म्हणून आम्ही सगळंच लिहून ठेवतो. नवसासारखं.

निवृत्तबाबू (१३ डिसेंबर, सकाळी ६:१५)

शिक्षण विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे कायद्याचं थोडं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम २१ मध्ये तुमची समिती आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला. कलम २२ मध्ये आराखडा आहे. तो समितीने तयार करायचा आहे. मुख्याध्यापकांनी लिहायचा आणि समितीने सही करायची असं कायद्यात कुठेही नाही. आणि शासनाने किंवा स्थानिक संस्थेने द्यायच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल, असं त्याच कलमात लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं ते खडूफळा सरांनी सांगितलंच. पण कागदावर तुमच्या हातात जे आहे ते आमदाराच्या शिफारसपत्रापेक्षा जड आहे.

आराखड्यात सर्वांत आधी काय येतं माहीत आहे? पुढच्या तीन वर्षांचा इयत्तावार पट. भिंत नंतर. पटावरून शिक्षक, शिक्षकांवरून खोल्या, खोल्यांवरून पैसा. तुमच्या सरांनी पहिलाच रकाना ढापला, तर पुढचं सगळं हवेत. अंगणवाडीच्या ताईंकडे जा. शून्य ते सहा वयाची सगळी मुलं त्यांच्या रजिस्टरला असतात. पुढच्या सहा वर्षांची पहिली तिथेच बसलेली आहे.

एकओळी (१३ डिसेंबर, सकाळी ८:०५)

समितीची मुदत दोन वर्षं, आराखडा तीन वर्षांचा. तिसऱ्या वर्षी जाब कोणाला विचारायचा म्हणे?

निवृत्तबाबू (१३ डिसेंबर, सकाळी ८:२०)

@एकओळी, पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नाही. बरं झालं.

शेणाचा_सडा (१३ डिसेंबर, दुपारी २:४५)

मी मागच्या समितीत महिला सदस्य होते. आमच्याकडे बैठक शाळेत होत नाही, वही घरी येते. मी भाकरी थापत असायची, मुलगा सांगायचा, "आई, सरांनी सही मागितलीय". पिठाच्या बोटाचे ठसे आहेत इतिवृत्तावर, कधी कोणी संशोधन केलं तर सापडतील.

भाऊ, गावाला विचारायचं म्हणता तर आधी ठरवा, गाव म्हणजे कोण. ग्रामसभेत जे दहा-पंधरा बाप्ये येतात त्यांची पोरं केव्हाच पदवीला गेली. ज्यांची पोरं शाळेत आहेत त्या बाया त्या वेळी शेतात किंवा चुलीपाशी. बैठक संध्याकाळी अंगणवाडीत घ्या, आणि चहाला त्यांनाच उठवू नका.

कोयनेचा_काठ (१३ डिसेंबर, रात्री ९:१०)

पाटणचाच मी, आता कोपरखैरणेला. डोंगरदरीकर, तुमच्याकडेही मुंबईकर मंडळ असेलच. आमच्या आजोबांपासून सगळे माथाडीत. यात्रेला गावी गेलं की मंडळाची बैठक, आणि दर वर्षी विषय एकच: शाळेसाठी काहीतरी करू. मग कमान झाली, पुढच्या वर्षी कमानीला रंग, त्याच्या पुढच्या वर्षी देणगीदारांची संगमरवरी पाटी. पाटीवर ४६ नावं आहेत. परवा मोजलं तर शाळेत मुलं २१.

हसू नका, मीपण त्या पाटीवर आहे.

खडूफळा (१३ डिसेंबर, रात्री ९:३३)

सरकारी भाषेत 'लोकसहभाग' म्हणजे वर्गणीच हो. आमच्याकडून दरवर्षी लोकसहभागाचा आकडा मागतात, रुपयांत. किती लोकांनी काय मत दिलं याला रकाना नाही.

तात्पुरता_टेक्सन (१४ डिसेंबर, सकाळी ७:५०)

धागा वाचून राहवलं नाही. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो, 'तात्पुरता' येऊन १७ वर्षं झाली. इथे शाळांचा कारभार स्कूल डिस्ट्रिक्टकडे असतो. त्याचं मंडळ निवडून येतं, त्याला स्वतःचा घरपट्टीसारखा कर लावता येतो, आणि इमारतींसाठी मोठं कर्ज काढायचं तर मतदारांची परवानगी लागते. त्यामुळे लोकांना विचारण्यावाचून त्यांना गत्यंतर नसतं. नवी घरं कुठे होतायत, जन्म किती, यावरून दहा वर्षांचा पट काढायला लोकसंख्येचा अभ्यासक नेमतात. मग पालक-रहिवाशांची समिती, महिनोन्‌महिने बैठका, नकाशे, जाहीर सभेत माणशी तीन मिनिटं.

आमच्या भागात वीस वर्षांपूर्वी शाळा पुरत नव्हत्या. आता घरं इतकी महाग झालीत की लहान मुलं असलेली कुटुंबं आणखी उत्तरेला जातात, आणि शाळा ओस. मी अशा एका समितीत होतो. आकडे पाहून सगळे म्हणाले, काही शाळा बंद कराव्या लागतील. मग यादीत माझ्या मुलीची शाळा आली. सगळ्यांसाठी रास्त वाटणारा हिशेब त्या दिवशी मला एकदम चुकीचा वाटायला लागला. तीन मिनिटांत मी काय बोललो ते आठवलं तरी लाज वाटते. शाळा बंद झालीच.

वाघोळी_ते_वाकड (१४ डिसेंबर, सकाळी ११:२०)

तुमच्याकडे अभ्यासक नेमतात, आमच्याकडे बिल्डरच्या फ्लेक्सवरून अंदाज बांधतात. शहराकडच्यांसाठी सांगतो. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. आम्ही त्यातले. शहरात शाळांचं खरं दूरचं नियोजन शाळेच्या आराखड्यात नसतंच, ते शहराच्या विकास आराखड्यातल्या आरक्षणात असतं. 'प्राथमिक शाळा' असा शिक्का मारलेला भूखंड. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांना ३० दिवस. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या ३० दिवसांत चर्चा कशाची, तर रस्तारुंदीत कोणाचं पार्किंग जातंय याची. शाळेच्या आरक्षणावर एकानेही अवाक्षर काढलं नाही.

आणि आरक्षण पडलं म्हणजे शाळा झाली असं नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि तरीही पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द. मग तिथे 'शिक्षण' म्हणून उरतं ते क्लासेसचं कॉम्प्लेक्स.

बालाघाटी (१४ डिसेंबर, रात्री ८:००)

मी बीडचा. अंगणवाडीचं रजिस्टर बघा असं बाबू म्हणाले ते बरोबर आहे, पण आमच्याकडं तेवढ्यानं भागत नाही. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातं, परत येतं ते मार्च-एप्रिलला. शिक्षक किती मिळणार हे ठरतं ३० सप्टेंबरच्या पटावर, तेव्हा वर्ग भरलेला. डिसेंबरला जाऊन बघा. मग आराखड्यात कोणता पट लिहायचा?

आमच्या समितीनं एक काम धड केलं. कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, पोरं मागं ठेवायला आजी आहे का, हे ऑगस्टमध्येच घरोघरी विचारून लिहून काढलं, आणि त्यावरून हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत गेली. वसतिगृह म्हणजे इमारत नाही हो, शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवण आणि रात्री आजीकडं झोपायचं. त्या साली १९ पोरं थांबली. पुढच्या साली यादीच उशिरा झाली.

गणित_कच्चं (१५ डिसेंबर, सकाळी १०:१५)

थोडं कडू बोलू? इतक्या छोट्या शाळा टिकवायच्याच कशाला? २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून एकच मोठी 'समूह शाळा' करायची चर्चा झाली तेव्हा राज्यात अशा १४ हजार ७८३ शाळा निघाल्या. एक शिक्षक, चार इयत्ता, एक खोली. मी स्वतः अशाच शाळेत शिकलो. वर्गात मी आणि माझी चुलतबहीण. मी पहिला यायचो किंवा दुसरा. कबड्डीला सात पोरं कधी जमली नाहीत. पाचवीत मोठ्या शाळेत गेलो तेव्हा गर्दी बघूनच रडलो. पानशेतची समूह शाळा बघा, बस येते, मुलं जातात.

शेणाचा_सडा (१५ डिसेंबर, सकाळी ११:०२)

बस येते तिथे मुलं जातात हो. आमच्या ओढ्याला जुलैत पाणी आलं की एसटी पलीकडे थांबते आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. हॉर्नने पोर ओढा ओलांडत नाही. आणि पोरगा पाठवतील कसाबसा, सहा वर्षांच्या पोरीला घरी ठेवतील.

खडूफळा (१५ डिसेंबर, दुपारी १:४०)

दोघांचंही खरं आहे, म्हणून तर वैताग येतो. समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. पण पहिलीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हा नियम नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजला जातो. डोंगरात तो पायाने मोजायला हवा, आणि ते गावाशिवाय कोण सांगणार? १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर याच्या निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांवर टांगती तलवार आहेच. डोंगरदरीकर, तुमचे ३१ म्हणजे सुरक्षित नाही बरं.

एकओळी (१५ डिसेंबर, दुपारी १:५५)

अध्यक्ष कुठे गायब? सही करून टाकली काय?

डोंगरदरीकर (१९ जानेवारी, रात्री ११:१०)

गायब नव्हतो, मोजत होतो.

बाबूकाकांनी सांगितलं तसं अंगणवाडीच्या ताईंकडे गेलो. रजिस्टरपेक्षा ताईच जास्त जाणतात. कोणाचं बाळंतपण माहेरी झालं, कोण मुंबईला गेलं, कोण परत येणार, सगळं तोंडपाठ. पुढच्या तीन जूनमध्ये पहिलीच्या वयाला येणारी गावची मुलं ९, ८ आणि ८. मी खूश. मग ताई म्हणाल्या, यातली तुमच्या शाळेत किती येणार ते विचारा. बोटावर मोजून त्यांनीच सांगितलं: ५, ४, ३. बाकीची काही मुंबईला, बरीचशी पिवळ्या गाडीने खालच्या इंग्रजी शाळेत.

आता आमच्या शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंत अनुक्रमे ६, ८, ९, ८. हिशेब घरी बायकोने केला, माझ्यावर तिचा भरवसा नाही. पुढच्या वर्षी २८, मग २३, मग १८.

३१-३१-३१ च्या जागी २८-२३-१८ लिहिलेला कागद सरांना दाखवला. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे मला दिसत होतं, पण लिहायचं कसं? लिहिलं की मीच शाळा बंद पाडतोय असं होतं.

आता तुम्हीच सांगा. खरा आकडा लिहून आपणच आपल्या शाळेवर नजर वळवून घ्यायची का?

कोयनेचा_काठ (१९ जानेवारी, रात्री ११:४०)

आई शप्पथ. आमचे २१ कुठे जाणार ते मोजायला हवं.

निवृत्तबाबू (२० जानेवारी, सकाळी ६:०५)

खरा आकडा लिहा. लपवलात तरी तो ३० सप्टेंबरला दिसणारच, आणि तेव्हा तुमच्याकडे बोलायला काही नसेल. फक्त नुसता आकडा पाठवू नका. २५ पैकी १३ मुलं का येत नाहीत ते शेजारी लिहा. कार्यालयात पट घटल्याचा कागद रोज येतो. पट का घटला हे आयांच्या शब्दांत लिहिलेला कागद मी एकदाही पाहिला नाही.

शेणाचा_सडा (२० जानेवारी, सकाळी ९:३०)

२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा असते. तिथे विचारा. तुम्ही नाही, ताईंना विचारायला लावा. तुम्ही मागे बसा.

डोंगरदरीकर (२ फेब्रुवारी, रात्री १०:२०)

बसलो मागे. ३४ बायका आल्या, मी इतक्या कधी पाहिल्या नव्हत्या. ताईंनी विचारलं, पिवळ्या गाडीने का पाठवता? मला वाटलं होतं, इंग्रजीसाठी म्हणतील. दोघी-तिघी म्हणाल्याही. पण बाकीच्यांचं वेगळंच. आपल्या शाळेत चौथी संपते. पाचवीला चार किलोमीटर, मधे रान, गवे येतात. इंग्रजी शाळेची गाडी दहावीपर्यंत दारात येते. मधेच प्रवेश मिळेल का याची धास्ती, म्हणून पहिलीपासूनच टाकतात. एक जण म्हणाली, "पाचवीच्या भीतीनं पहिली गेली." दुसरी गोष्ट मुतारीची. मुलींच्या मुतारीला पाणी नाही, म्हणून पोरी सकाळी पाणीच पीत नाहीत. माझी पोरगी त्याच शाळेत आहे. मला माहीत नव्हतं.

भिंत कोणीच मागितली नाही.

मग खरी ग्रामसभा झाली, बाप्यांची. मुंबईकर मंडळाचे दोघे आले होते, यात्रेच्या तयारीला. त्यांनी कमान मांडली. सर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. मी २८-२३-१८ चा कागद वाचून दाखवला आणि म्हणालो, कमानीखालून जायला कोण असणार? वाद झाला. एक काका चिडून उठून गेले, आम्ही परकं झालो का म्हणाले. ते मला लागलं, कारण शाळेचे पत्रे त्यांच्याच वर्गणीतून आलेले.

निवृत्तबाबू (३ फेब्रुवारी, सकाळी ६:१०)

पाण्याचं आधी उरका. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी येतो त्यातला मोठा भाग बंधित असतो, तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. मुतारीचं पाणी त्यात बसतं. पंचायतीच्या आराखड्यात आणि शाळेच्या आराखड्यात एकच काम एकाच शब्दांत लिहा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

पाचवीचं अवघड आहे. एक किलोमीटरच्या आत पाचवी नसेल तर चौथीच्या शाळेला ती जोडायची तरतूद आहे, पण नुसतं अंतर बघत नाहीत, पटही बघतात. तुमच्या चौथीतली ८ आणि गाडीने जाणाऱ्यांपैकी परत यायला तयार असलेली, अशी नावानिशी यादी आणि पालकांच्या सह्या जोडा.

गणित_कच्चं (३ फेब्रुवारी, सकाळी ९:४५)

माझं मत बदललेलं नाही, १८ मुलांची शाळा मुलांसाठी चांगली नाहीच. पण पाचवीच्या भीतीनं पहिली गेली, हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. पाचवी नाही मिळाली तर वाहतूक भत्ता किंवा गाडी मागा. तेही आराखड्यात लिहा.

तात्पुरता_टेक्सन (४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०)

उठून गेलेल्या काकांना एकदा घरी जाऊन भेटा. मीही तसाच उठून गेलो होतो. नंतर कोणी विचारलं नाही, म्हणून समितीही सोडली.

डोंगरदरीकर (११ फेब्रुवारी, रात्री ९:५५)

काकांकडे जाऊन आलो. पोहे खाल्ले. काका पहिला अर्धा तास भाच्याच्या लग्नावर बोलले. मग म्हणाले, कमान पुढच्या वर्षी, यंदा मंडळ गाडीचं डिझेल बघेल, पण पाचवीची मुलं जूनपासून जाणार असतील तरच, आणि पाटी लावायची. म्हटलं, गाडीला पाटी लावू.

पाचवीच्या यादीवर आतापर्यंत ११ सह्या. सर स्वतः दोन घरी फिरले. आराखडा नव्याने लिहिलाय, पटाचा रकाना सर्वांत वर, खाली बायकांनी सांगितलेलं जसंच्या तसं. सरांनी फक्त 'गवे' खोडून 'वन्य प्राणी' केलंय.

शेणाचा_सडा (११ फेब्रुवारी, रात्री १०:०८)

गवेच ठेवा.

एकओळी (११ फेब्रुवारी, रात्री १०:१५)

आणि भिंत? काढली का यादीतून?

डोंगरदरीकर (११ फेब्रुवारी, रात्री १०:२१)

नाही काढली. खडूफळा सरांचं ऐकलं. सर्वांत शेवटी, नवव्या नंबरला आहे.